अंडं बंद झालं, आता मुलाला सकाळी काय द्यायचं?

मुलाला अंड्याची अ‍ॅलर्जी आहे असं डॉक्टरांनी सांगितलं की घरात पहिला प्रश्न हमखास हाच निघतो: मग नाश्त्याला काय? खरं तर मराठी घराला तो अवघड जायचं कारण नाही. पोहे, उपमा, सांजा, थालीपीठ, धिरडं, घावन, आंबोळी, उकड, आप्पे, यातल्या एकाही पदार्थात अंडं नाही. अंड्याशिवायच्या पाककृती शोधत रात्र जागवण्याची गरज नाही, त्या आजीला पाठ आहेत.

अडचण दुसरीकडेच आहे. अंडं गेलं की त्याच्याबरोबर प्रथिनंही जातात आणि त्या जागी बहुतेक वेळा दुधात बुडवलेलं बिस्कीट येऊन बसतं. शिवाय घरातून हद्दपार केलेलं अंडं तव्यावरून, कालथ्यावरून, बेकरीच्या ट्रेमधून किंवा प्रेमळ शेजारणीच्या हातून परत येत राहतं. नाश्त्याच्या पाककृतींइतकाच हा भागही महत्त्वाचा आहे, म्हणून इथे दोन्ही घेतलं आहे. एक ते पाच वर्षांचं मूल डोळ्यांसमोर आहे.

पहिली पायरी: आधी निदान पक्कं करा

अंडं खाल्ल्यावर काही मिनिटांत ते साधारण दोन तासांच्या आत अंगावर गांधी उठणं, ओठ किंवा पापण्या सुजणं, उलट्या होणं, खोकला किंवा घरघर सुरू होणं ही अ‍ॅलर्जीची नेहमीची लक्षणं. आपल्याकडे याला 'अंडं गरम पडलं' म्हणून सोडून द्यायची सवय आहे. उलट बाजूला, एकदा पोट बिघडलं म्हणून जन्मभरासाठी अंडं बंद करणारी घरंही असतात. दोन्ही टोकं टाळा आणि बालरोगतज्ज्ञांकडे जा. जमल्यास अ‍ॅलर्जीचं काम पाहणाऱ्या डॉक्टरांना दाखवा.

निदानात सर्वात मोठा वाटा तुमच्या सांगण्याचा असतो: काय खाल्लं, किती खाल्लं, किती वेळाने काय झालं. अंगावर उठलेल्या गांधींचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, डॉक्टरांकडे पोचेपर्यंत त्या बऱ्याचदा मावळलेल्या असतात. गरज वाटल्यास त्वचेवरची टोचणी-चाचणी किंवा रक्तातल्या आयजीई प्रतिपिंडांची चाचणी होते. पण नुसता कागदावरचा आकडा म्हणजे निदान नव्हे. चाचणी पॉझिटिव्ह असूनही अंडं आरामात पचवणारी मुलं असतात. आयजीजी नावाची, शंभर पदार्थांची यादी हातात देणारी महागडी तपासणी मात्र करू नका. खाण्याच्या अ‍ॅलर्जीच्या निदानात तिचा उपयोग नाही, आणि तिच्यापायी मुलाच्या ताटातून गहू, दूध, डाळ उगीचच निघून जातात.

डॉक्टरांना एक प्रश्न आवर्जून विचारा: केकमध्ये किंवा बिस्किटात भाजलेलं अंडं चालेल का, की तेही बंद? अंड्याच्या पांढऱ्यात अ‍ॅलर्जी आणणारी बरीच प्रथिनं असतात. त्यातलं ओव्हाल्ब्युमिन उष्णतेने बदलतं, ओव्होम्युकॉइड मात्र उकळून, भाजूनही बऱ्यापैकी टिकून राहतं. म्हणूनच एखाद्या मुलाला ऑम्लेट सोसत नाही पण केक सोसतो, तर दुसऱ्याला दोन्ही सोसत नाहीत. तुमचं मूल कोणत्या गटातलं, हे घरी केकचा तुकडा देऊन पाहायचं नसतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरतं.

दोन गैरसमज इथेच मिटवून टाकू. गावरान अंडं चालतं, ही समजूत चुकीची आहे. कवचाचा रंग वेगळा असला तरी आतली प्रथिनं तीच. बदकाच्या आणि लाव्याच्या अंड्यांतली प्रथिनंही इतकी मिळतीजुळती असतात की तीही बंदच समजा. 'फक्त पिवळं देऊन बघू' हेही नको, कारण पिवळ्याला पांढरं थोडंतरी चिकटलेलं राहतंच. चिकन मात्र बहुतेक मुलांना चालतं. अंड्याची अ‍ॅलर्जी आहे एवढ्यावरून ते थांबवायचं कारण नाही. दूध, शेंगदाणे, मासे यांचंही तसंच. जे मूल आजवर सुखाने खात आलंय, ते भीतीपोटी काढू नका. लसीकरणही थांबवू नका. गोवर-गालगुंड-रुबेलाची एमएमआर लस अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांना देता येते, फक्त प्रत्येक लसीच्या वेळी डॉक्टरांना अ‍ॅलर्जीची आठवण करून द्या.

दुसरी पायरी: फ्रिजवर एक कागद

नाश्त्याचा विचार करण्याआधी हा कागद तयार करा. त्यावर मुलाचं नाव, वजन, अ‍ॅलर्जी, औषधांची मात्रा डॉक्टरांकडूनच लिहून घ्या आणि खाली आई, बाबा, डॉक्टर यांचे फोन. सौम्य त्रास म्हणजे काय आणि गंभीर म्हणजे काय, हे दोन वेगळ्या रकान्यांत असू द्या. थोड्या गांधी, ओठांना खाज हे सौम्य. श्वासाला त्रास, घरघर, आवाज बसणं, जीभ सुजणं, एकदम मलूल पडणं, अंगावर गांधी उठत असतानाच वारंवार उलट्या होणं हे गंभीर.

गंभीर प्रतिक्रियेवर पहिलं औषध अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन, तेही मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. परदेशात त्याचं तयार पेन मिळतं. आपल्याकडे ते सहज मिळत नाही, म्हणून काही डॉक्टर अँप्युल (औषधाची काचेची कुपी) आणि सिरिंज लिहून देतात व ती कशी वापरायची ते शिकवतात. तुमच्या मुलाला याची गरज आहे का, हे विचारून घ्या. अ‍ॅलर्जीचं गोड सिरप खाज कमी करतं, पण बंद होत चाललेला श्वास ते सोडवू शकत नाही. अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी लावायची आपली जुनी रीत आहे. नुसत्या गांधी असतील तर लावा हवं तर, पण श्वासाला त्रास असताना आमसुलं भिजवत बसू नका. मुलाला आडवं झोपवा (श्वास लागत असेल तर बसतं ठेवा), डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनलिन लिहून दिलेलं असेल तर ते टोचा आणि १०८ ला फोन करा. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण त्रास काही वेळाने परत उलटू शकतो.

तिसरी पायरी: स्वयंपाकघराची फेरमांडणी

घरात सगळ्यांनीच अंडं सोडलं तर उत्तम, पण तसा आग्रह मी धरणार नाही. बाबांना रविवारी ऑम्लेट हवंच असतं, आजोबांना डॉक्टरांनी अंडं खायला सांगितलेलं असतं, आणि सक्तीची बंदी दोन आठवड्यांत लपूनछपून मोडली जाते. त्यापेक्षा नियम पाळायला सोपे ठेवा.

मुलासाठी एक तवा, एक कालथा आणि एक छोटी कढई वेगळी. तवा बिडाचा असेल तर हे वेगळेपण अधिकच गरजेचं, कारण बिडाच्या तव्याला आपण मुरलेलं तेल राहावं म्हणून साबणाने खसखसून घासत नाही. कालच्या ऑम्लेटचा अंश त्या थरात राहू शकतो. वेगळ्या भांड्यांना मुठीवर रंगीत चिकटपट्टी लावा, म्हणजे मदतीला येणाऱ्या ताईंनाही न विचारता कळेल.

सकाळी मुलाचा नाश्ता आधी करून झाकून ठेवायचा, अंडं त्यानंतर. उलट क्रम नको. अंडं फोडल्यावर हात साबण-पाण्याने धुवायचे. सॅनिटायझरने जंतू मरतात, पण अंड्याचं प्रथिन हातावर तसंच राहतं. ओटा पुसायचं फडकं लगेच धुवायला टाका. फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात अंडी ठेवायची जुनी सवय असेल तर मोडा. झाकणाच्या डब्यात, सर्वात खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे एखादं फुटलं तरी दह्यावर ओघळणार नाही.

चौथी पायरी: बाजारातून काय आणायचं

भारतात राहणाऱ्या आईबापांना एक मोठी सोय आहे, ती म्हणजे पाकिटावरची खूण. आपल्या कायद्याने अंडं मांसाहारात मोडतं. त्यामुळे हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका असलेल्या पाकिटात घटक म्हणून अंडं नसतं. मांसाहाराची खूण पूर्वी तपकिरी ठिपक्याची होती, २०२० च्या लेबलिंग नियमांपासून ती तपकिरी चौकटीतला त्रिकोण झाली आहे. पण हिरवा ठिपका घटकांबद्दल सांगतो, कारखान्यातल्या यंत्राबद्दल नाही. त्याच पट्ट्यावर आधी अंड्याची बिस्किटं गेली असतील तर ते कळायला घटकांच्या यादीखालची अ‍ॅलर्जीची ओळ वाचावी लागते. 'अंश असू शकतात' असं लिहिलेलं पाकीट चालेल की नाही, हे डॉक्टरांना विचारून एकदाच ठरवा आणि मग त्यावर रोज वाद घालू नका.

यादीत अंडं कधी वेगळ्या नावाने येतं: अल्ब्युमिन, ओव्हाल्ब्युमिन, लायसोझाइम. लायसोझाइम पाकिटावर कधी नुसत्या क्रमांकाने, आयएनएस ११०५ असं लिहिलेलं असतं, आणि ते काही चीजमध्ये सापडतं. लेसिथिन बहुतेक सोयाबीनचं असतं, तरी शंका असेल तर ठिपका पाहा. नेहमीचं पाकीट असलं तरी दर वेळी वाचा, कंपन्या न सांगता घटक बदलतात.

खरा धोका सुट्या मालात, कारण त्याला ना ठिपका ना यादी. लादी पाव मैदा, यीस्ट, मीठ, साखर यांचा. त्याच्या पिठात सहसा अंडं नसतं. पण गोड बनवर चमक यावी म्हणून अंड्याचा हात फिरवणारे बेकरीवाले आहेत, आणि मावा केक ज्या ट्रेमध्ये निघाला त्याच ट्रेमध्ये पुढची खारी भाजली जाते. गोव्यात पदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, पोई आणि पाव याबद्दल हीच चौकशी करा. तिकडे नाश्त्याला मिळणारे केळ्याचे बन्स मैदा, केळं आणि दह्याचे असतात, अंड्याचे नाहीत. घरी ते सहज होतात. बेबिंका मात्र अंड्याच्या बलकावरच उभी असते. तिकडे फिरायला गेलात तर मुलाच्या हाताला ती लागू देऊ नका.

बेकरीत 'यात अंडं आहे का?' असं विचारलं की दुकानदार गिऱ्हाइकाला हवं ते उत्तर देतो. गिऱ्हाईक शाकाहारी आहे असा त्याचा समज होतो आणि तो 'नाही हो, शुद्ध आहे' म्हणून मोकळा होतो. त्यापेक्षा सरळ सांगा: बाळाला अंड्याची अ‍ॅलर्जी आहे, दवाखान्यात न्यावं लागतं, ट्रे वेगळे आहेत का? मग बहुतेक जण थांबून खरं सांगतात.

पाचवी पायरी: थाळीत काय वाढायचं

एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिन असतं. एक ते तीन वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज १२ ग्रॅमच्या आसपास, चार ते सहा वर्षांच्या मुलाची १६ च्या आसपास. म्हणजे अंडं हे लहान मुलाच्या दिवसाचा बराच मोठा वाटा होतं, आणि तो भरून काढणं तितकंसं कठीणही नाही. ३० ग्रॅम बेसन किंवा ३० ग्रॅम मूगडाळ, म्हणजे तीन भरलेले पोह्यांचे चमचे, यांत अंड्याइतकं किंवा किंचित जास्त प्रथिन आहे. ३० ग्रॅम पनीरमध्ये जवळपास तितकंच. कपभर दुधात ६ ते ७ ग्रॅम. रोजच्या नाश्त्यात डाळ, दूध-दही-पनीर किंवा दाण्याचं कूट यांपैकी एक तरी हवं, एवढं धरून चाला. अंड्यातून मिळणारं बी १२ जीवनसत्त्व दूध-दह्यातूनही मिळतं. दूधही चालत नसेल किंवा घरात मांस-मासे नसतील, तर बी १२ बद्दल डॉक्टरांशी बोला.

माझ्या मते सर्वात उपयोगी पदार्थ मुगाचं धिरडं. वाटीभर साल काढलेली मूगडाळ आणि दोन चमचे तांदूळ दोन-तीन तास भिजवा. सकाळी घाई असेल तर रात्रीच भिजवून फ्रिजमध्ये ठेवा. जिरं, आल्याचा लहानसा तुकडा, चिमूटभर हळद, मीठ घालून बारीक वाटा. पीठ डोशाच्या पिठाइतकं सैल हवं. किसलेला दुधी किंवा गाजर, बारीक चिरलेला पालक घाला. हिरवी मिरची मोठ्यांच्या पिठात नंतर. मंद आचेवर झाकण ठेवून शिजवा, म्हणजे मूल तोडू शकेल असं मऊ राहतं. तळहाताएवढी सहा-सात धिरडी होतात आणि दोन धिरड्यांत एका अंड्याहून जास्त प्रथिन जातं. वर्षाच्या बाळाला बोटभर पट्ट्या कापून हातात द्या, सोबत दही. पीठ फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतं.

बेसन आणि टोमॅटोच्या धिरड्याला आपल्याकडे टोमॅटो ऑम्लेट म्हणतात. पदार्थ झकास, फक्त या मुलासमोर त्याला ऑम्लेट म्हणू नका. 'मी घरी ऑम्लेट खातो' असं तीन वर्षांचं मूल पाळणाघरात अभिमानाने सांगेल आणि तिथल्या मावशी खरंच खिलवतील. धिरडंच म्हणा. तीन चमचे बेसन, एक पिकलेला टोमॅटो किसून, चमचाभर रवा, कोथिंबीर, ओवा, मीठ, लागेल तसं पाणी. गुठळ्या मोडून दहा मिनिटं ठेवा. बेसन कच्चं राहिलं तर मुलाचं पोट दुखतं, म्हणून पातळ पसरा आणि दोन्ही बाजूंनी नीट होऊ द्या.

अंडा-टोस्टची आठवण काढणाऱ्या मुलासाठी हेच बेसन पाण्याऐवजी दुधात कालवा, हळद-मीठ घाला आणि त्यात ब्रेडची कापं बुडवून तुपावर परता. ब्रेडचं पाकीट वाचलेलं हवंच. भुर्जी आवडत असेल तर पनीर कुस्करून कांदा, टोमॅटो, हळदीवर दोन मिनिटं परता. जास्त परतलं की पनीर रबरासारखं होतं आणि मूल ते गालात धरून बसतं.

थालीपीठ हा माझा दुसरा लाडका. भाजणीत ज्वारी, बाजरी, तांदूळ यांच्याबरोबर हरभरा आणि उडदाची डाळ असते. धान्य आणि डाळ एकत्र आली की प्रथिनांची एकमेकांतली उणीव भरून निघते. लहान मुलासाठी भाजणी पाण्याऐवजी दह्यात भिजवा, किसलेली काकडी किंवा दुधी भरपूर घाला, थालीपीठ छोटं थापा आणि झाकण ठेवून वाफवल्यासारखं भाजा. वर लोण्याचा गोळा. कडक थालीपीठ मोठ्यांची चैन आहे, दोन वर्षांच्या दातांना ते पेलत नाही.

आप्प्यांचा गुण वेगळा: ते थंड झाले तरी चांगले लागतात, म्हणून बालवाडीच्या डब्याला उत्तम. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीदडाळ, पाव वाटी हरभरा डाळ भिजवून, वाटून रात्रभर आंबवा. थंडीच्या दिवसांत पीठ फुगायला जास्त वेळ लागतो, तेव्हा पातेलं ओट्याच्या उबदार कोपऱ्यात गुंडाळून ठेवा. आप्पेपात्रही अंड्याच्या पदार्थाला वापरत नाही ना, ते पाहा.

गोडाची आवड असलेल्या मुलाला केळ्याची धिरडी करून द्या. एक पिकलेलं केळं कुस्करा, त्यात अर्धी वाटी कणीक, दोन चमचे दाण्याचं बारीक कूट, चमचाभर दही, लागेल तसं दूध आणि अगदी चिमूट खायचा सोडा. दही आणि सोडा मिळून जो हलकेपणा आणतात, त्यासाठीच केकवाले अंडं घालत असतात. साखर नको, केळं पुरेसं गोड असतं. (दाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर कूट अर्थातच वगळा.)

आता जे पदार्थ आपण पौष्टिक समजून डोळे झाकून देतो, त्यांच्याबद्दल. नाचणी गुणी आहे, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पण प्रथिन तिच्यात ७ टक्क्यांच्या आसपासच. पाण्यातलं नाचणी सत्त्व अंड्याची जागा घेऊ शकत नाही. दुधात करा किंवा नाचणीच्या आंबोळीत उडीदडाळ वाढवा. पोहे आणि उपमा हे मुख्यतः पिष्टमय. मटार, मोड आलेले वाफवलेले मूग किंवा पनीर घाला, शेजारी दह्याची वाटी ठेवा. पोह्यांतले अख्खे शेंगदाणे पाच वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतात. ते आधीच वेगळे काढा, कूट भुरभुरा. कोकणातलं घावनही तसंच, नुसत्या तांदळाचं. मोठ्यांना त्याबरोबर काळ्या वाटाण्याची उसळ लागते. मुलाला तीच उसळ तिखट घालण्याआधी काढून, मऊ शिजवून, चेचून द्या. तांदळाची उकड ताकात शिजवलेली असल्याने तिला घाईच्या सकाळी माफ आहे. डब्यातल्या चॉकलेटी 'हेल्थ' पावडरींवर पैसे घालवण्याआधी मागची साखर वाचा, एवढंच सांगते.

अंड्याने पदार्थ बांधून येतो, ते काम कटलेटमध्ये भिजवून पिळलेले पोहे किंवा उकडलेला बटाटा करतो. वाढदिवसाच्या केकमध्ये एका अंड्याऐवजी चमचाभर जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून घाला, ती अंड्यासारखी बुळबुळीत होऊन पीठ धरून ठेवते.

सहावी पायरी: माणसं सांभाळणं

तवा वेगळा करणं सोपं, आत्याला समजावणं कठीण. 'थोडं थोडं दिलं की सवय होते, आमच्या वेळी कुठे होत्या अ‍ॅलर्‍या?' हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. भांडू नका. डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला आजी-आजोबांना सोबत न्या, आणि समजावण्याचं काम डॉक्टरांवर सोपवा. सुनेने सांगितलेलं ऐकलं जात नाही ते डॉक्टरांनी सांगितलेलं ऐकलं जातं, हा आपल्या घरांचा स्वभावच आहे. आजीला काम द्या: धिरड्याचं पीठ आणि भाजणी तिच्या ताब्यात. पहारेकरी आपोआप तयार होतो.

पाळणाघर आणि बालवाडीत तोंडी सांगून भागत नाही. फ्रिजवरच्या कागदाची प्रत, औषधं आणि 'घरच्या डब्याशिवाय काहीही देऊ नये' अशी एक ओळ लिहून द्या. मूल अंगणवाडीत जात असेल तर ताईंना पहिल्याच दिवशी भेटा. आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेतून मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. तुमच्या मुलाच्या नावापुढे केळं लिहून घ्या, आणि वाटप होत असताना त्याला जरा बाजूला बसवायला सांगा. वाढदिवसांसाठी शाळेत एक बंद डबा ठेवून द्या, त्यात घरचा लाडू किंवा हिरव्या ठिपक्याचं बिस्कीट. बाकीच्यांना केक मिळतो तेव्हा याच्याही हातात काहीतरी पडायला हवं.

हॉटेलात सकाळच्या बुफेला ऑम्लेटचा तवा आणि डोशाचा तवा शेजारी शेजारी असतात, आणि कालथा दोन्हीकडे फिरतो. अशा ठिकाणी इडली घ्या, ती वाफेवर होते आणि तव्याच्या वाटेला जात नाही. गाडीवर भुर्जीच्या तव्यावर भाजलेला पाव हा मुलासाठी अंड्याचाच पाव समजा.

परदेशी राहणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. तिकडे हिरवा ठिपका नाही, आणि तिकडच्या 'व्हेजिटेरियन' शब्दात अंडं चालतं. अमेरिकेत पाकिटावर अंडं स्पष्ट लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे, ब्रिटनमध्ये अ‍ॅलर्जीचे घटक यादीत ठळक छापतात. तेवढ्यावरच भरवसा ठेवा. 'व्हीगन' पदार्थात अंडं घटक नसतं, पण कारखान्यातला अंश असू शकतो. आणि दुकानात 'एग सब्स्टिट्यूट' लिहिलेली बाटली दिसली तर हात आवरा: त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत अंड्याचं पांढरंच भरलेलं असतं.

सातवी पायरी: परत तपासणी

अंड्याची अ‍ॅलर्जी बऱ्याच मुलांची वाढत्या वयात कमी होते किंवा जाते. म्हणून वर्षा-दीड वर्षाने, डॉक्टर सांगतील त्या वेळी, पुन्हा दाखवायचं असतं. मधल्या काळात चुकून काही खाल्लं गेलं असेल तर तारीख, पदार्थ, प्रमाण आणि परिणाम वहीत टिपा. काहीच त्रास झाला नसेल तर तेही टिपा, डॉक्टरांना ती नोंद तितकीच उपयोगी पडते. त्वचेची चाचणी ठरली असेल तर खाजेची सिरपं आधी काही दिवस बंद ठेवावी लागतात, नाहीतर चाचणी खोटं उत्तर देते. किती दिवस, ते वेळ घेतानाच विचारा. दवाखान्यात बसवून थोडं थोडं अंडं खायला देऊन पाहायचं ठरलं तर त्या दिवशी मूल सर्दी-तापात नको, आणि सोबत त्याच्या आवडीचा डबा, पुस्तक, खेळणी न्या. काही तास तिथेच थांबावं लागतं.